पात्रा

दांडिया बाजारच्या कोपऱ्यावर
तेवीस वर्षं मी सेव-उसळ खाल्ली.
आवडायची म्हणून नाही.
'स' सुटतो माझा, दातांच्या फटीतून, आपोआप.
काचेआड पात्रा असायचा, वर तीळ, मोहरी,
आणि 'प'ला माझे ओठ मिटायचे
दुपारच्या दुकानाच्या शटरसारखे.

एकदा धीर करून मराठीत शिरलो,
म्हणालो, 'अळूवडी.'
'शुं?' त्याने विचारलं.
मागे रांग होती.
सेव-उसळ.

असंच चाललं होतं.
कांद्याचा 'क' अडला की डुंगळी म्हणायचं.
पाण्याला तर दोन्हीकडे पाणीच,
म्हणून एका लग्नात 'जल' मागितलं,
पंगत अजून हसते.
दोन भाषांच्या मधल्या भिंतीला
मी इतक्या पळवाटा पाडल्या
की घर कुठलं नि बोळ कुठला, कळेना झालं.

वडील वेखंड उगाळून लावायचे.
जिभेला हाड नसतं, म्हणायचे.
माझ्या होतं.
नेमकं नावाच्या जागी:
पुंडलिक फणसे,
बघा ना, दोन्ही दारांना कुलूप.
महापालिकेत नकाशे काढायची नोकरी धरली.
नकाशा नाव विचारत नाही.

पन्नाबेन वसावडा, अलकापुरी, दुसरा मजला.
(त्यांचंही 'प'वरूनच. दोन महिने मी नुसतं 'बेन' म्हटलं.)
म्हणाल्या, 'तुमचं अडखळणं दाखवा मला.'
जे चाळीस वर्षं झाकलं, ते दाखवा.
आरसा धरला समोर.
पांढरे पडलेले ओठ, मिटलेला डावा डोळा,
आणि मान अशी
की मागून कुणी कॉलर धरलीय.
'यात अडखळणं किती,' त्यांनी विचारलं,
'आणि त्याच्याशी भांडण किती?'

मग गृहपाठ:
रोज पाच अनोळखी माणसांपुढे मुद्दाम अडखळायचं.
मुद्दाम!
आजवर फुकट केलं, ते आता ठरवून.

सूरसागरच्या कठड्यापाशी एकाला विचारलं,
'के-के-केटला वाग्या?'
त्याने घड्याळ पाहिलं, मला पाहिलं,
'सव्वासात' म्हणाला
आणि शेंगा सोलत राहिला.
एवढंच.

पार्सल ऑफिसातल्या माणसाने मात्र
'कोई बोलतुं नथी' म्हणून फोन ठेवला.
मी परत लावला. त्याने परत ठेवला.
त्या रात्री जेवलो नाही.
वहीत लिहायचं होतं, भीती दहापैकी किती.
नऊ.
खाली, प्रत्यक्षात झालं काय.
'माणसाने फोन ठेवला.'
लिहिल्यावर ते वाक्य
फारच छोटं दिसलं पानावर.

ओठ टेकवायचे, दाबायचे नाहीत,
नकाशावर ट्रेसिंग पेपर टाकतो तसे.
आधी हवा, मागून शब्द.
आणि अडलंच, तर शब्द बदलून पळायचं नाही,
अडलेल्या अक्षराशेजारी उभं राहायचं,
त्याला घेऊनच बाहेर यायचं.
हे सगळं त्या खोलीत जमायचं.
जिना उतरलो की विसरायचो.

गुरुवारी काचेपुढे उभा राहिलो.
'प... प... प'
ओठ गेलेच दाबले.
डोळा नाही मिटला, एवढं मात्र कळलं.
त्याच्या हातातला झारा हवेत,
मागून कुणी चुकचुकलं,
कढईत काहीतरी करपायला लागलं बहुतेक.
मी ओठ सैल सोडले.
हवा गेली.
'पात्रा. अडीचशे.'

बाकावर बसून खाल्ला.
गोड जरा जास्तच. तीळ खवट.
खरं सांगू, मला नाही आवडला.
तेवीस वर्षं काचेआडून पाहिलेली चीज,
आणि नाही आवडली!
मी एकटाच हसत बसलो,
शेजारचा थोडा सरकून बसला.

उद्या बहुतेक सेव-उसळच घेईन.
किंवा पापडी. पेंडा.
बघू.